विश्लेषण : सिलिंडर ३० किलोंचा, कमरेवर भार ४०० किलोंचा, हे गणित कसे?

घरातला गॅस संपला होता आणि भरलेला सिलिंडर दाराजवळ उभा होता. एरवी हे काम आईचे. ती सिलिंडर उचलत नाही. किंचित तिरका करते आणि तळाच्या कड्यावर फिरवत फिरवत ओट्याखाली नेते. पण त्या आठवड्यात तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पावसात ओल्या जिन्यावर पाय घसरला, तोल सावरायला तिने हात टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. म्हणून मी पुढे झाले. कमरेत वाकले, दोन्ही हातांनी वरचे कडे धरले आणि सिलिंडर सरळ उचलला. दोन पावले टाकली असतील-नसतील, कमरेत अशी उसण भरली की सिलिंडर तिथेच ठेवून मी भिंतीला धरून उभी राहिले. पुढचे चार दिवस पायात मोजे घालायलाही मदत लागत होती.

५९ वर्षांच्या आईला जो सिलिंडर इतकी वर्षे जड झाला नाही, तो २८ वर्षांच्या मुलीला का झाला? आणि नुसता हात टेकल्याने आईचे हाड मोडले कसे? मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. तरफ, भार, ताण, दाब हे सगळे चार वर्षे शिकले, परीक्षेत लिहिले आणि विसरले. ते पुन्हा आठवले अंथरुणावर पडल्या पडल्या. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हाडे आणि स्नायू नेमके काम कसे करतात यात आहेत.

शरीराच्या यंत्रात सुटे भाग किती?

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. जन्मतः ती अडीचशेहून जास्त असतात. वाढीच्या वयात त्यातली काही एकमेकांना जुळतात. सर्वांत लांब आणि मजबूत हाड मांडीचे, तर सर्वांत लहान हाड कानात असते. त्याचा आकार घोड्याच्या रिकिबीसारखा आणि लांबी जेमतेम तीन मिलिमीटर.

या सांगाड्यावर सहाशेहून अधिक स्नायू बसवलेले आहेत. शरीराच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग या स्नायूंचा असतो. स्नायू हाडाला थेट चिकटत नाही. टोकाकडे त्याची पांढरी, चिवट दोरी होते आणि ती हाडात रुजते. या दोरीला टेंडन म्हणतात. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते ती ताठ दोरी म्हणजे शरीरातले सर्वांत जाड टेंडन. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे पट्टे वेगळे, ते लिगामेंट. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. दोरीने गाडी ओढता येते, ढकलता येत नाही, तसेच हे. म्हणून बहुतेक ठिकाणी स्नायूंच्या जोड्या असतात. कोपर दुमडायला दंडाच्या पुढचा बायसेप्स, सरळ करायला मागचा ट्रायसेप्स. तुम्ही दार ढकलता तेव्हाही आत कुठला तरी स्नायू हाड ओढतच असतो.

१० किलोंच्या बादलीसाठी ७० किलोंची ताकद का लागते?

हाड म्हणजे दांडा, सांधा म्हणजे टेकू आणि स्नायू म्हणजे ताकद लावणारा. शाळेत शिकलेली तरफ हीच. फरक इतकाच, की पहारीने दगड उलथताना आपण टेकूपासून लांब ताकद लावतो, म्हणून थोड्या ताकदीत मोठे काम होते. शरीरात बहुतेक वेळा उलटे आहे.

कोपर काटकोनात ठेवून १० किलोंची बादली हातात धरली, तर बादलीचे वजन कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर असते. पण बायसेप्स हाडाला ओढतो तो कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर. पाच सेंटिमीटर धरले तर अंतराचे प्रमाण सातास एक. म्हणजे १० किलो तोलण्यासाठी स्नायूला ७० किलोंचा जोर लावावा लागतो. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही.

हा तोट्याचा व्यवहार वाटतो, पण त्या बदल्यात मिळते ती गती. स्नायू पाच सेंटिमीटर आखडला की तळहात ३५ सेंटिमीटर फिरतो. चेंडू फेकणे, दगड मारणे, पटकन हात मागे घेणे हे त्यामुळेच जमते. चिमट्याचेही असेच असते. आपण दाबतो मध्ये, पण टोक हलते जास्त.

शरीराचा हा हिशेब प्रथम नीट मांडला तो इटलीतील गणितज्ञ जिओव्हान्नी अल्फोन्सो बोरेली यांनी. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये छापायला सुरुवात झाली. आपण जेवढे वजन उचलतो त्याच्या कितीतरी पट जोर स्नायूंना लावावा लागतो, हे त्यांनी आकडेमोडीने दाखवले. बोरेलींची आकडेमोड सिलिंडरला लावली, की माझ्या कमरेत काय झाले ते कळते.

मग कमरेवर ४०० किलो आले कुठून?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते, ते साधारण १५-१६ किलो. म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोंचा.

कमरेत वाकून तो उचलताना टेकू असतो कण्याच्या तळाशी, मणक्यांमधल्या गादीवर. समोरच्या बाजूला दोन वजने असतात. एक सिलिंडरचे आणि दुसरे, जे आपण विसरतो, ते आपल्याच वरच्या धडाचे. ६० किलो वजनाच्या माणसात डोके, हात आणि कमरेच्या वरचा भाग मिळून सुमारे ३२ किलो भरतात. या दोन्ही वजनांना पाठीमागून तोलून धरतात कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू. ते टेकूपासून फक्त पाच-सहा सेंटिमीटर मागे असतात.

आता आकडे घालू. वाकल्यावर धडाचे वजन टेकूपासून साधारण २५ सेंटिमीटर पुढे येते. ३२ गुणिले २५, म्हणजे ८००. सिलिंडर ४० सेंटिमीटर पुढे. ३० गुणिले ४०, म्हणजे १,२००. बेरीज दोन हजार. हे सगळे पाच सेंटिमीटरवरून तोलायचे, म्हणून भागिले पाच. उत्तर ४०० किलो. पाठीच्या स्नायूंनी एवढ्या जोराने ओढले की तेवढाच दाब मधल्या गादीवर येतो, आणि त्यात उचललेल्या वजनाचा वाटा आणखी मिळवावा लागतो.

हे सोपे केलेले गणित आहे. प्रत्यक्षात पोटाचे स्नायू, पोटातला दाब, वाकण्याचा कोन यामुळे आकडा थोडा मागे-पुढे होतो. पण अंदाज चुकीचा नाही. अमेरिकेतील कामगार सुरक्षेचे संशोधन करणाऱ्या 'नायोश' या सरकारी संस्थेने कण्याच्या तळावरील दाबासाठी ३,४०० न्यूटनची, म्हणजे सुमारे ३५० किलोंची मर्यादा धरली आहे. याच संस्थेच्या सूत्रानुसार अगदी आदर्श परिस्थितीत, वजन शरीराजवळ आणि सोयीच्या उंचीवर असतानाही, हाताने उचलायचे वजन २३ किलोंपेक्षा जास्त नसावे. ३० किलोंचा सिलिंडर जमिनीवरून उचलणे या दोन्ही मर्यादांच्या बाहेर जाते.

आता तोच सिलिंडर अंगाजवळ घेतला आणि धड ताठ ठेवले तर? धडाचे अंतर १० आणि सिलिंडरचे २५ सेंटिमीटर धरू. ३२० अधिक ७५०, भागिले पाच. उत्तर साधारण २१५ किलो, आणि वरची सगळी वजने मिळवली तरी २७५ किलोंच्या आसपास. वजन तेच, माणूस तोच, पण गादीवरचा भार बराच कमी. 'गुडघ्यात वाकून उचला' असे सगळे सांगतात. ते बरोबर आहे, पण खरी मेख गुडघ्यात नाही, अंतरात आहे. गुडघे वाकवूनही वजन लांब राहिले, तर फायदा फारसा होत नाही.

आणि आई काय करत होती? ती सिलिंडरचे वजन जमिनीवरच ठेवत होती. तिरक्या सिलिंडरचा जवळजवळ सगळा भार तळाचे कडे पेलते. हाताला फक्त तोल सांभाळायचा असतो. तिला मोमेंटचे सूत्र ठाऊक नव्हते, पण स्वयंपाकघरात तीस वर्षांत तिने ते स्वतः शोधले होते.

स्नायू आखडतो म्हणजे आत काय होते?

स्नायूचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर आडवे पट्टे दिसतात. दोन पट्ट्यांमधला एक कप्पा दोन-अडीच मायक्रोमीटर लांबीचा असतो. केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कप्पे मावतील. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे प्रथिनांचे तंतू असतात. जाड तंतू मायोसिनचे, बारीक तंतू ॲक्टिनचे.

मेंदूकडून संदेश आला की स्नायूपेशीत कॅल्शियम सुटते. मग मायोसिनच्या तंतूवरची असंख्य टोके ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. रस्सीखेचीत खेळाडू हात बदलत दोर ओढतात, तसेच. कोणताही तंतू लहान होत नाही. ते एकमेकांवरून सरकतात आणि कप्पा आखूड होतो. असे लाखो कप्पे एकदम आखडले की दंड फुगतो. १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी 'नेचर' नियतकालिकात ही उकल मांडली. योगायोग असा, की दोन्ही गटांत हक्सली आडनावाचे शास्त्रज्ञ होते आणि ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

यातला गमतीचा भाग म्हणजे पकड सोडायलाही ऊर्जा लागते. एटीपी नावाचा रेणू मिळाला तरच मायोसिन ॲक्टिनला सोडते. मृत्यूनंतर एटीपी संपते, पकड सुटत नाही आणि म्हणून शरीर ताठ होते.

गड चढताना नाही, उतरल्यावर पाय का दुखतात?

कळसूबाई किंवा राजगड करून आलेल्यांना हा अनुभव असतो. दम लागतो चढताना, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. कारण उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकचे काम करतो. तो आखडायचा प्रयत्न करत असतो आणि शरीराचे वजन त्याच वेळी त्याला ताणत असते. असे ताणत काम करताना स्नायूच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते आणि त्यानंतर येणारी सूज एक ते तीन दिवस दुखत राहते.

'लॅक्टिक ॲसिड साचले' हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण चुकीचे आहे. व्यायामात तयार झालेले लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते. ही सूक्ष्म इजा भरून येताना स्नायू आधीपेक्षा थोडा तयार होतो. म्हणूनच दुसऱ्या ट्रेकनंतर पाय तेवढे दुखत नाहीत.

हाड म्हणजे निर्जीव खांब नाही का?

आईचे प्लास्टर सुरू असताना मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते हाडाचे. आपण प्रयोगशाळेतला सांगाडा पाहिलेला असतो, त्यामुळे हाड म्हणजे वाळलेली, मेलेली वस्तू असे वाटते. जिवंत शरीरातले हाड ओलसर असते, त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात.

हाडाची रचना आरसीसी बांधकामासारखी आहे. वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. तो काँक्रीटसारखा दाब सोसतो. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन असते, ते सळ्यांसारखा ताण सोसते. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले तर खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. उलट ते जाळले तर कोलॅजन जाते आणि हाड खडूसारखे ठिसूळ होते. दोन्ही असतील तरच हाड हाडासारखे वागते.

आणि हे बांधकाम कधीच पूर्ण होत नाही. एका प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड भरतात. प्रौढ वयात दरवर्षी सुमारे १० टक्के सांगाडा असा बदलला जातो. म्हणजे आज तुमच्या अंगात असलेले बहुतेक हाड दहा वर्षांपूर्वीचे नाही.

नवे हाड कुठे भरायचे हे ठरते भारावरून. १८६६ मध्ये झुरिचमधील कार्ल कुलमान या अभियंत्याने शरीररचनातज्ज्ञ हर्मान फॉन मायर यांनी काढलेली मांडीच्या हाडाच्या आतील जाळीची चित्रे पाहिली. त्या जाळीच्या रेषा क्रेनच्या वाकलेल्या दांड्यात ताण आणि दाब ज्या मार्गाने जातात, तशाच होत्या. पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी नियम मांडला, की हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते. जिथे भार, तिथे भर. जिथे भार नाही, तिथे झीज.

लहानपणापासून खेळणाऱ्या टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते. उलट अंतराळात वजनच जाणवत नाही, त्यामुळे अंतराळवीरांच्या मांडी आणि कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. त्यांना रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम करावा लागतो तो यासाठी.

नुसता हात टेकल्याने मनगट का मोडले?

पडताना हात पुढे करणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. सगळ्या शरीराचा धक्का तळहातातून मनगटाजवळच्या हाडावर येतो. या अस्थिभंगाला कोलीस फ्रॅक्चर म्हणतात. आयर्लंडचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलीस यांनी १८१४ मध्ये त्याचे वर्णन केले, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ हाताने चाचपून.

तरुण माणूस असा पडला तर अनेकदा मुरगळण्यावर भागते. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये हाडच मोडण्याची शक्यता जास्त. कारण हाडांची बचत साधारण तिशीपर्यंत वाढते, काही वर्षे टिकते आणि मग खर्च सुरू होतो. मासिक पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. कुरतडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि पुढची काही वर्षे हाड भराभर विरळ होते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. आहारातून ते पुरेसे आले नाही, तर हृदय आणि मज्जातंतूंना लागणारे कॅल्शियम शरीर हाडांतून काढते. खाते रिकामे होत जाते आणि खातेदाराला काही कळत नाही. हाड विरळ होताना दुखत नाही.

म्हणून पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने मनगट मोडले, तर ती केवळ मनगटाची बाब समजायची नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. पुढचा अस्थिभंग मणक्याचा किंवा खुब्याचा असू शकतो आणि खुब्याचे हाड मोडले की अनेक वृद्धांचे हिंडणे-फिरणेच संपते. यासाठी डेक्सा नावाची, कमी क्ष-किरणांची, न दुखणारी तपासणी करतात. तिचा निकाल टी-स्कोअरमध्ये येतो. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठरवल्यानुसार उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांची ठिसूळता. आईचा आकडा उणे २.७ आला. प्लास्टर घालून घरी आलो असतो आणि तेवढ्यावरच थांबलो असतो, तर हे कळलेच नसते.

हात जपायचा की वापरायचा?

मोडलेले हाड जुळण्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी तिथे रक्त साकळते, मग कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो, त्यात खनिज भरते आणि नंतर महिनोन् महिने त्याची घडण चालते. आईचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले, तेव्हा उजवा हात डाव्यापेक्षा बारीक दिसत होता. न वापरलेला स्नायू काही आठवड्यांतच आटतो.

मी तिला सक्त ताकीद दिली. कळशी उचलायची नाही, कणीक मळायची नाही, बाजाराची पिशवी धरायची नाही. मला वाटत होते की मी तिची काळजी घेते आहे. फिजिओथेरपिस्टने ते ऐकले आणि आईला म्हणाली, ''काकू, हात जपून ठेवाल तर तो तसाच राहील. थोडा थोडा वापरा.''

त्यामागचे कारण आता माझ्या लक्षात आले होते, फक्त ते घरात लागू करायचे सुचले नव्हते. भार नसेल तर हाड भरत नाही. आईला ठिसूळ हाडांपासून वाचवण्यासाठी मी तिला नेमके तेच करायला लावत होते, ज्याने हाडे आणखी ठिसूळ होतात. वयाच्या तिशीनंतर स्नायूही दर दशकाला तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू दुबळा झाला की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो, पडला की विरळ हाड मोडते. 'बसून राहा' हा सल्ला या साखळीला खतपाणी घालतो.

माझ्या कमरेलाही हेच लागू होते. कंबरदुखी हे जगभरात माणसाला कामापासून दूर ठेवणारे सर्वांत मोठे कारण आहे. २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा अंदाज आहे. बहुतेक वेळा स्नायू-अस्थिबंधांचीच ही दुखापत असते आणि काही आठवड्यांत ती बरी होते. पूर्वी यावर सक्तीची विश्रांती सांगत. आता झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहायला सांगतात.

घरात काय करता येईल?

- सिलिंडर : उचलू नका. तिरका करून तळाच्या कड्यावर फिरवा किंवा चाकांची ट्रॉली वापरा. उचलणे टळत नसेल तर दोघांनी उचला.
- कोणतेही वजन : आधी अंगाजवळ घ्या, मग उचला. वजन हातात असताना कमरेतून वळू नका. पावले टाकून सगळे अंग वळवा. दोन हातांत दोन हलक्या पिशव्या, एका हातातल्या एका जड पिशवीपेक्षा बऱ्या.
- व्यायाम : जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल सांभाळण्याच्या व्यायामाचीही भर. नुसते चालणे चांगले, पण पुरेसे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हाही ताकदीचाच व्यायाम आहे.
- आहार : प्रौढांना दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर पेलाभर दुधात साधारण २५० मिलिग्रॅम मिळते. तीळ, दही, पालेभाज्याही आहेतच. ते पचून शरीराला लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे आणि भरपूर उन्हाच्या आपल्या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते. गोळ्या मात्र तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच.
- घर : घरात पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. ओले न्हाणीघर, अंधारा जिना, सरकणारे पायपुसणे. कठडा, दिवा आणि खरखरीत चटई यांचा खर्च खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा नक्कीच कमी आहे.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जायचे?

कंबरदुखीसोबत पाय बधिर किंवा लुळा पडणे, लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे, ताप येणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे किंवा रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे, यापैकी काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. पन्नाशीनंतर उंची कमी झाल्यासारखी वाटणे किंवा पाठीला बाक येणे, हेही मणक्याचे हाड दबल्याचे लक्षण असू शकते.

आईची औषधे सुरू आहेत. आधी ती अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन मनगट वर-खाली करत असे. आता कणीक तीच मळते, कळशी मात्र अर्धीच भरते. आईला ठिसूळ हाडे असतील तर मुलीलाही धोका जास्त असतो, हे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मला आवर्जून सांगितले. तिशीला दोन वर्षे उरली आहेत, तेव्हा नुसते शुल्क भरलेल्या त्या जिममध्ये मी आता खरोखर जाते.

गेल्या आठवड्यात पुन्हा गॅस संपला. या वेळी आई शेजारी उभी राहिली आणि सिलिंडर किती तिरका करायचा ते तिने मला दाखवले.